बंदरावरची हाडं

आमच्या गावाला बंदर होतं असं सांगितलं की वाशिंदच्या माझ्या सोसायटीतली माणसं हसतात. मुरबाड तालुक्यात कुठून आलं बंदर, असं त्यांना वाटतं. मी पूर्वी समजावून सांगायचे. आता सांगत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या बंदराचा इतका उदोउदो झाला, आणि त्यात इतकी घाण वर आली, की तो शब्द निघाला तरी मी विषय बदलते.

पण बंदर होतं हे खरं. काळू नदी आमच्या गावाला वळसा घालून जाते. त्या वळणावर दगडी पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या कडेला भोकं पाडलेले मोठे दगड आहेत, होड्या बांधायचे. पावसाळा सरला की नदीत पाणी टिकेपर्यंत कल्याणकडून सपाट तळाच्या होड्या मीठ, सुकी मासळी, नारळ घेऊन वर यायच्या. घाटावरून लादलेले बैल धान्य, गूळ, हिरडा घेऊन खाली उतरायचे. मालाची अदलाबदल आमच्या गावात व्हायची. मग रेल्वे आली, पुढे घाटातून पक्का रस्ता झाला, आणि होड्या यायच्या बंद झाल्या. हे सगळं माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. माझ्या लहानपणी ‘बंदर’ म्हणजे फक्त नदीकाठची एक आळी होती. तिथे व्यापाऱ्यांच्या वंशजांची घरं होती आणि आम्ही तिकडे विनाकारण जात नसू.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदी गाव सोडून जाते तिथे. आज तिला बौद्धवाडी म्हणतात. आधी काय म्हणायचे ते मी लिहीत नाही. बंदर चालू होतं तेव्हा आमच्या माणसांकडे दोन कामं होती. पाणी उथळ झालं की कमरेएवढ्या पाण्यात उतरून होड्या दोराने ओढायच्या, हे एक. मालाला मात्र हात लावायचा नाही. होडीला लावला तर चालायचा, कारण होडी वाहत्या पाण्यात असते आणि वाहत्या पाण्याला विटाळ नसतो, असा कुणीतरी हिशेब बसवला होता. दुसरं काम मेलेली जनावरं ओढण्याचं. घाट उतरून आलेले बैल पाठीला जखमा होऊन, खूर फुटून बंदरावर मरायचे. पायऱ्यांच्या पलीकडे एक मोठा खड्डा होता. तिथे ते नेऊन टाकायचे. बंदर बंद पडलं तरी खड्डा बंद पडला नाही. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेला जाणारी ढोरं आमच्याच गावातून नदी ओलांडत. त्यातली थकलेली मरत, गावातली म्हातारी मरत. सगळ्यांची वाट त्या खड्ड्याकडे, आणि दोर आमच्या घरातल्या पुरुषांच्या हातात.

हे मला माझ्या आत्याने सांगितलं. ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेल्यावर माहेरी परत आली, आणि आता माझ्या भावाकडे राहते. तिने आपल्या बापाला, म्हणजे माझ्या आजोबांना, ते काम करताना पाहिलेलं आहे. त्या जनावरांचं मांस घरात शिजायचं हेही ती लपवत नाही. दीक्षा घेतल्यानंतर आजोबांनी ते काम सोडलं. गावातल्या एका मोठ्या घराचा बैल मेला तेव्हा बोलावणं आलं, आणि आजोबांनी दोर अंगणात टाकून सांगितलं की आता आम्ही येणार नाही. गावाने आमचं पाणी तोडलं, शेतावरचं काम तोडलं. तो बैल त्या घराच्या गोठ्यात फुगून पडला. शेवटी घरच्या लोकांनीच नाकाला फडकी बांधून तो ओढत नेला. आत्या त्या वेळी लहान होती. वस्तीतली पोरं झाडावर चढून ते बघत होती. आत्या हे सांगताना अजूनही खुदकन हसते.

मी परिचारिका आहे, शहापूर भागातल्या एका सरकारी रुग्णालयात. लग्नानंतर वाशिंदला राहते. सुट्टी जोडून मिळाली की गावी जाते. माझा भाऊ एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन गावी येऊन राहिला. त्याच्या मुलाने, माझ्या भाच्याने, ट्रॅक्टर घेतला आणि विटा, खडी, माती वाहायला लागला. आमचं चांगलं चाललं होतं. खड्ड्यावर झुडपं माजली होती. अलीकडे कोंबडीच्या दुकानवाल्यांनी पिसं, आतडी, पाय गोण्यांत भरून तिथे फेकायला सुरुवात केली होती. वाऱ्याची दिशा बदलली की वस्तीवर तो वास यायचा. भावाने ग्रामपंचायतीत अनेकदा अर्ज दिले. कुणी लक्ष दिलं नाही, कारण वरच्या अंगाला, बंदरआळीला, वास जात नव्हता.

मग शहरातल्या एका बिल्डरने बंदराच्या बाजूची जमीन घेतली. नदी, डोंगर, जुन्या पायऱ्या, सगळं त्याला आवडलं. त्याला तिथे रिसॉर्ट करायचं होतं आणि त्या रिसॉर्टला इतिहास हवा होता. इतिहास द्यायला आमचे गुरुजी तयार झाले.

गुरुजींविषयी नीट सांगायला हवं. ते मला चौथीपर्यंत शिकवायला होते. माझं अक्षर चांगलं आहे असं त्यांनी वर्गात सांगितलं होतं, आणि त्या एका वाक्यावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. निवृत्तीनंतर ते गावाच्या इतिहासात रमले. रिसॉर्टच्या मालकाने त्यांच्याकडून एक पुस्तिका लिहून घेतली आणि चकचकीत कागदावर छापली. भावाने मला ती आणून दिली. त्यात आमच्या बंदरात परदेशी गलबतं लागत होती. सोन्याच्या मोहरांनी भरलेल्या थैल्या होत्या. गोरे व्यापारी पायऱ्यांवर उभे राहून सूर्यास्त बघत होते. आणि शेवटी एक वाक्य होतं: या बंदरात अठरापगड समाज गुण्यागोविंदाने नांदत होता.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. खोटी गलबतं मला सहन झाली असती. गावोगावचे लोक आपापल्या गावाबद्दल असं काहीबाही रचतातच. पण ते वाक्य वाचून मला शिळ्या अन्नाला बोट लागल्यासारखं झालं. गुरुजींच्या बापाच्या घरचाच तो फुगलेला बैल होता. त्यांना माहीत नसेल असं नाही.

रिसॉर्टचं काम जोरात सुरू झालं. खोल्या, कमान बांधून होत आल्यावर शेवटी पोहण्याचा तलाव बांधायला जेसीबीने खणायला घेतलं, आणि त्यासाठी निवडलेली जागा होती तो खड्डा. वरचा थर कोंबड्यांच्या घाणीचा निघाला. त्याखाली काळी चिकट माती, आणि मातीत हाडं. बरगड्या, कवट्या, शिंगं, खुरांची हाडं, एकात एक गुंतलेली. कामावर डोंगराकडच्या पाड्यांतली माणसं होती. ती घमेली टाकून बाजूला झाली. गावभर पसरलं की माणसांचे सांगाडे निघाले. पोलीस येऊन गेले, जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, आणि ही सगळी ढोरांची हाडं आहेत असं ठरलं. मालकाने भटजी आणून जागेची शांत केली. पण माणसं कामावर यायला तयार होईनात. जेसीबीवाल्याने हाडं आणि घाण वर काढून नदीकाठी त्याचा ढीग लावला आणि तो दुसरीकडे निघून गेला.

मी त्याच आठवड्यात गावी गेले होते. नदीकडे जाताना लांबूनच वास आला. उन्हात तापलेल्या ढिगातून पिवळसर पाणी झिरपत पायऱ्यांवर येत होतं. अळ्या वळवळत होत्या. कुत्री ढिगात तोंड घालून ओढाओढ करत होती. एक कुत्रं शिंगासकट कवटी तोंडात धरून बंदरआळीतून पळालं आणि बायका दारं लावून घेऊ लागल्या. ते बघून मला जरा बरं वाटलं, हे कबूल करते. इतकी वर्षं तो वास आम्ही घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आणि सरपंचबाईंचा नवरा आमच्या घरी आले. सरपंच बाई आहेत, पण कारभार हाच बघतो. आमच्या ओट्यावर ते दोघं याआधी कधी आले असतील तर मतं मागायला. भावाने खुर्च्या मांडल्या. वहिनीने चहा ठेवला. त्यांनी आधी पावसापाण्याच्या गोष्टी काढल्या, माझ्या नोकरीची चौकशी केली, आत्याच्या तब्येतीचं विचारलं. मग सरपंचबाईंच्या नवऱ्याने सांगितलं की उद्घाटन जवळ आलंय, मोठे पाहुणे येणार आहेत, गावाचं नाव होणार आहे, आणि तेवढा ढीग काय तो आडवा आलाय. वस्तीतली चार-सहा माणसं मिळाली तर काम होऊन जाईल.

भावाने विचारलं, आमच्याच वस्तीतली का?

तो म्हणाला, “पैशाचं आमी बगू ना. पन ह्ये काम तुमच्याशिवाय दुसरं कोन करनार? तुमाला ठावं असतंय.”

मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता. तो अगदी साधेपणाने बोलला होता, सुताराला खिडकी करायला सांगावी तसा. मला तेच असह्य झालं. त्याने शिवी दिली असती तर मी उठून भांडले असते. या माणसाचा मुलगा माझ्या भाच्याबरोबर क्रिकेट खेळतो. जयंतीच्या मिरवणुकीत हा पुढे उभा राहून फोटो काढून घेतो. आणि इतक्या वर्षांनी ढोराचं हाड दिसल्याबरोबर त्याचे पाय आपोआप आमच्या घराकडे वळले होते.

गुरुजी मान खाली घालून बसले होते. मी त्यांना विचारलं की तुमचंही हेच म्हणणं आहे का. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले की यात कमीपणा काही नाही, स्वच्छतेचं काम आहे, जुन्या गोष्टी मनात ठेवून बसलो तर गाव पुढे कसं जाणार.

आत्या आतल्या दारापाशी बसली होती. तिला ऐकू कमी येतं, म्हणून त्या दोघांनी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. पण हे बोलणं तिच्यापर्यंत पोचलं होतं. ती भिंतीला धरून उठली आणि ओट्यावर आली.

“गुरुजी, माज्या बापानं दोर टाकला तवा तुमच्या बापानं आमचं पानी तोडलं. आमी डबक्याचं पिऊन ऱ्हायलो, पन दोर उचलला नाय. आता मी उचलू?”

गुरुजी म्हणाले, “अहो, तो काळ वेगळा होता.”

“मंग तुमच्या पोरांना पाठवा,” आत्या म्हणाली. “काळ वेगला झालाय तर.”

दोघं उठले. चहा तसाच राहिला होता, त्याच्यावर साय धरली होती. वहिनीने कप उचलले आणि चहा मागे उकिरड्यावर ओतला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती अभिमानाने सांगत फिरले असते. पण दोन दिवसांनी कळलं की काम माझ्या भाच्यानेच घेतलं.

त्याने घरी सांगितलं नव्हतं. सरपंचबाईंच्या नवऱ्याने त्याला नाक्यावर गाठलं, ट्रॅक्टरचं भाडं नेहमीपेक्षा चांगलं देतो म्हणाला, नवा जेसीबी मागवला, आणि हा ट्रॉली घेऊन गेला. भावाला कुणीतरी फोन करून ही बातमी दिली, हसत हसत. भावाने मला रुग्णालयात फोन केला. निवृत्त माणूस, कधी आवाज चढवलेला नाही, तो म्हणत होता की पोराने बापाच्या तोंडावर घाण फेकली.

मी सुट्टी टाकून संध्याकाळपर्यंत पोचले. भाचा अंगणात ट्रॅक्टरला टेकून उभा होता, ट्रॉली नव्हती. भाऊ आत पाठ करून बसला होता. मला बघून भाच्याने आधी भांडायचाच पवित्रा घेतला. त्याचं म्हणणं असं की त्याने हाताने काही उचललं नाही, जेसीबीने भरलं, तो सीटवरून खालीसुद्धा उतरला नाही. माती वाहतो, खडी वाहतो, तसंच हे. ट्रॅक्टर दुसऱ्या कुणाचा असता आणि त्याने वाहिलं असतं तर त्याला कुणी काही बोललं नसतं. मग आम्हीच ते काम जातीचं का करून ठेवायचं? धंदा आहे, धंद्यासारखा बघा.

त्याच्या बोलण्यात चूक काय ते मला पटकन सापडेना. तरी त्याच्याकडे बघताना मला किळस आली. स्वतःच्या भावाच्या मुलाची. त्याच्या कपड्यांना तो वास येत होता. ह्याला मी अंगाखांद्यावर खेळवलंय, आणि आता मी दोन पावलं मागे सरकून उभी आहे, हे मला कळत होतं.

मग मी विचारलं, ट्रॉली कुठे आहे?

त्याने मान फिरवली. हळूहळू सांगितलं. ट्रॉली भरल्यावर त्याने विचारलं होतं की कुठे रिकामी करू. त्याला वाटलं होतं, रानात कुठेतरी खड्डा काढला असेल. सरपंचबाईंच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं की तुमच्या वस्तीच्या मागच्या नाल्यात टाक, तिथे कोण बोलणार नाही. त्या नाल्याच्या कडेला आमची विहीर आहे. वस्तीची एकुलती एक विहीर. भाच्याने त्याला ते सांगितलं. तो म्हणाला, थोडं लांब टाक मग, तुझ्याच घरचे आहेत, तू समजाव त्यांना.

“मी काय केलं म्हाइताय?” भाचा म्हणाला. “ट्रॉली त्यांच्या गेटात लावली. आडवी. पिन काढली आनि नुस्तं इंजिन घेऊन आलो घरी.”

तो हसण्याचा प्रयत्न करत होता. आतून भाऊ उठून दारात आला. त्याने मोरीत बादली भरली, साबण ठेवला आणि पोराला खुणेने आंघोळीला बोलावलं.

ट्रॉली तशीच राहिली. रिसॉर्टच्या नव्या कमानीखाली, गेटाच्या मधोमध, हाडांनी आणि कोंबड्यांच्या आतड्यांनी भरलेली. मालकाचा माणूस भाच्याला फोन करून आधी दमदाटी करत होता, मग विनवणी. भाच्याने फोन बंद ठेवला. गावातला दुसरा एकही ट्रॅक्टरवाला ती ट्रॉली जोडायला तयार झाला नाही. सगळे येऊन बघून जात, नाक धरून. कमानीवर कोरलेलं गलबत होतं, शिडं फुगलेलं, आणि त्याच्या बरोबर खाली घोंघावणाऱ्या माशा.

शेवटी मालकाने मुरबाडहून बाहेरचा ट्रॅक्टर आणला. तो ट्रॉली ओढून थेट पायऱ्यांवर घेऊन गेला आणि सगळा माल नदीत ओतला. भरदिवसा. बंदरआळीतली माणसं आपापल्या ओट्यांवरून बघत होती आणि कुणी चकार शब्द काढला नाही. काठावर पडलेलं त्यांनी पाण्याचा पंप लावून धुऊन नदीत ढकललं. रिकामी ट्रॉली रस्त्याच्या कडेला सोडून दिली. ती भाच्याने नंतर आणली.

उद्घाटन ठरल्याप्रमाणे झालं. आम्हालाही पत्रिका होती, सर्व ग्रामस्थांना असते तशी. भाऊ जाणार नाही म्हणाला. आत्या म्हणाली मला जायचंय. त्या पायऱ्यांवर ती जन्मात उतरली नव्हती. लहानपणी मनाई होती, आणि नंतर मनाई नसूनही पाय कधी तिकडे गेला नाही. मी तिला घेऊन गेले.

अत्तराचे फवारे मारले होते. झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. तरी त्या सगळ्याखालून तो वास येत होता, गोडसर, कुजका, आणि पाहुणे रुमालाने नाक पुसल्यासारखं करत बंदराच्या गौरवाची भाषणं ठोकत होते. गुरुजींचा शाल देऊन सत्कार झाला. त्यांनी पुस्तिकेतला शेवटचा उतारा वाचून दाखवला, गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या समाजाचा. माझ्या शेजारी बसलेली एक बाई म्हणाली की किती छान होतं नाही पूर्वीचं जीवन. मी तिच्याकडे बघू शकले नाही. पुढे ताटं मांडली, त्यात तळलेली नदीची मासळी होती. मी त्या माणसांना ती मासळी खाताना बघितलं. काटे काढून, बोटं चाटून.

आत्याला पायऱ्या बघायच्या होत्या. आम्ही दोघी तिकडे गेलो. जुने दगड दिसेनात. वरून गुळगुळीत टाइल्स बसवल्या होत्या, तपकिरी, दगडासारख्या दिसणाऱ्या. होड्या बांधायच्या दगडांना सोनेरी रंग दिला होता. वर एक पहारेकरी उभा होता. त्याने आत्याच्या लुगड्याकडे आणि चपलांकडे पाहिलं आणि म्हणाला, हा भाग पाहुण्यांसाठी आहे. तो परगावचा पोरगा, त्याला आम्ही कोण ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. आत्याने मला विचारलं, काय म्हनतो गो तो? मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं की उतरू देत नाहीत.

ती टाइल्सकडे बघत उभी राहिली. मग तोंडातली मिसरी तिने वरच्या पायरीवर थुंकली, भरपूर, काळी, आणि वळून चालू लागली. पहारेकरी ओरडला. मी त्याच्याकडे बघितलं आणि तो गप्प झाला.

महिना उलटायच्या आत नदीच्या खालच्या अंगाच्या एका पाड्यावर जुलाब सुरू झाले. ती डोंगराकडची माणसं. त्यांच्या झऱ्याला पाणी कमी झालं की ती नदीत वाळू उकरून खड्डा करतात आणि त्यात साठलेलं पितात. वाळूत कोंबड्यांची पिसं आणि हाडांचे तुकडे सापडत होते. मदत म्हणून आमच्या रुग्णालयातल्या काहीजणींना तिकडे पाठवलं, त्यात मी होते. झोपड्यांतून मुलं निपचित पडलेली, डोळे खोल गेलेले. एक बाई आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन माझ्यापुढे बसली आणि तिने मला काहीच विचारलं नाही. मी मुलीच्या हातात सुईसाठी शीर शोधत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ताटातली ती मासळी होती. मुलगी वाचली. सगळेच वाचले. ग्रामपंचायतीने पाण्यात जंतुनाशक पावडर टाकली. त्या पाण्यात काय ओतलं गेलं ते मी वरिष्ठांना लिहून दिलं, भावाने तहसील कचेरीत तक्रार दिली, भाचा साक्ष द्यायला तयार झाला. चौकशीला माणूस आला. त्याला रिसॉर्टवर जेवायला घातलं. पुढे काही झालं नाही.

भाच्याला गावातलं काम मिळेनासं झालं. कुणी उघड नाही म्हणत नव्हतं, फक्त फोन येईनात. आता तो शहापूरकडच्या वीटभट्ट्यांवर ट्रॅक्टर चालवतो आणि शनिवारी घरी येतो. बापलेक एका ताटात जेवतात. मी त्याच्याशी त्या दिवसाबद्दल एकदाच बोलले. अंगणात दोन पावलं मागे सरकले होते ते त्याने पाहिलं होतं, असं तो म्हणाला. मग त्याने मला वाशिंदपर्यंत मोटरसायकलवर सोडलं.

या वर्षीच्या उन्हाळ्यात गुरुजी आमच्या रुग्णालयात आले. त्यांची मुलगी शहापूरला दिली आहे, ती घेऊन आली होती. मधुमेहाने त्यांच्या तळपायाला जखम झाली होती आणि ती आत गेली होती. गावातल्या डॉक्टरने नुसत्या गोळ्या दिल्या होत्या. पट्टी सोडली तेव्हा खोलीभर वास सुटला. त्यांची मुलगी तोंडावर पदर धरून बाहेर गेली. नवी शिकाऊ मुलगी होती, तिनेही मान फिरवली. मी स्टूल ओढून बसले आणि गुरुजींचा पाय माझ्या मांडीजवळ घेतला. मेलेलं मांस कापून काढावं लागतं, मग धुवावं लागतं, पुन्हा बघावं लागतं. मला काही वाटलं नाही. जखमेची किळस मला येत नाही. ते माझं काम आहे, ते मी शिकून, परीक्षा देऊन, माझ्या मर्जीने घेतलेलं आहे.

गुरुजींना पायाला संवेदना नव्हती, म्हणून ते बोलू शकत होते. ते म्हणाले की पुस्तिकेची नवी आवृत्ती निघतेय. तुमच्या आत्याचं बोलणं मनाला लागलं, म्हणून त्यांनी एक वाक्य वाढवलंय. खिशातून त्यांनी कागद काढला आणि वाचला: बंदराच्या भरभराटीत उपेक्षित बांधवांनीही आपल्या सेवेने मोलाचा हातभार लावला.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, वर्गात उत्तराची वाट बघायचे तसं. मी कौतुक करावं अशी त्यांची अपेक्षा होती.

मी म्हणाले, “गुरुजी, ते वाक्य काढून टाका.”

“का? तुमचा उल्लेख केलाय.”

“सेवा नव्हती ती. पाणी तोडलेलं लिहिणार असाल तर लिहा. नाहीतर आमचं नावच नको.”

ते दुखावले. एवढं करूनही तुमचं समाधान नाही, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले की ते लिहिलं तर मालक छापणार नाही. मी पाय हलवू नका असं सांगितलं, जखमेत औषधाची पट्टी भरली, वरून स्वच्छ कापूस ठेवला आणि बांधलं. दर दोन दिवसांनी यायला सांगितलं. ते येत राहिले. जखम सावकाश भरत आली. प्रत्येक वेळी मीच पट्टी केली, आणि प्रत्येक वेळी आम्ही हवापाण्याबद्दल बोललो.

नवी आवृत्ती निघाली. भावाने मला एक प्रत पाठवली. आमच्याबद्दलचं वाक्य त्यात आहे, जसंच्या तसं, आणि खाली आभारांच्या यादीत माझं नाव आहे, गावाची सुकन्या म्हणून. मी ती प्रत फाडली आणि ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग हात धुतले.